सात वाजताचा फोन

अनुपमा स्टेजवर उभी राहिली आणि अप्पांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या पिटल्या. शेजारी बसलेल्या रुद्रेशच्या पोटात दुखलं. मानवतच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पंचवीस वर्षं त्याने आडत दुकान चालवलं, त्यासाठी कुणी कधी एक टाळी वाजवली नव्हती.

अनुपमा त्याची धाकटी बहीण. हैदराबादच्या विद्यापीठात फ्रेंच आणि जर्मन साहित्य शिकवते. एका जर्मन कादंबरीचं तिने मराठी केलं होतं आणि आज परभणीत त्याचं प्रकाशन होतं. अप्पांना इथवर आणलं कुणी? रुद्रेशने. गोळ्या, डबा, पाण्याची बाटली, सगळं त्याच्याच पिशवीत. अप्पा दिवसभरात त्याच्याशी बोलत ते इतकंच, "गोळी दे", "पंखा लाव". आणि रोज संध्याकाळी सात वाजता हैदराबादेहून फोन आला की म्हातारा तासभर खुलायचा! रुद्रेश घरात शिरला की आवाज खाली जायचा. लेकीचं कौतुक लेकापासून लपवून चाललंय, हे न कळायला तो काही कुक्कुलं बाळ नव्हता.

"कादंबरीतल्या या गिरणीवाल्याच्या तोंडी घालायला मला कित्येक महिने मराठीच सापडेना," अनुपमा म्हणाली आणि पुस्तक उघडून वाचू लागली. गिरणीवाला दमलेल्या हमालाला सांगत होता, "आरं, पाय दुखायलेत तर सांग की सरळ. बस, च्या घे. पोत्याला काय पाय फुटायलेत व्हय?"

सभागृह खदखदून हसलं. रुद्रेश हसला नाही. दिवाळीच्या तोंडावर बन्सीधर हमालाला तो हेच म्हणाला होता, अक्षरन् अक्षर. अप्पा त्या दिवशी दुकानात येऊन बसले होते.

पुढे गिरणीवाल्याचा बाप आजारी पडला. घास घेईना. अनुपमाचा आवाज हळू झाला. "खावा की दोन घास. तुमी न्हाई जेवला तर माज्या बी घशाखाली उतरंना."

आता मात्र रुद्रेशचे कान तापले. अप्पांना आषाढात ताप आला होता तेव्हाचं हे बोलणं. खोलीत दोघंच होते.

कार्यक्रम संपताच त्याने बहिणीला बाजूला गाठलं.

"सगळ्या परभणीसमोर माजं बोलणं वाचून दाखवलंस? तुज्या जर्मन माणसाला सोताची जीभ न्हाई व्हय?"

अनुपमाने सत्काराची शाल खांद्यावरून काढली. तिची विद्यापीठातली मराठी कुठल्या कुठे गेली.

"अण्णा, मी रोज माजं सांगावं म्हणून फोन लावायची. अप्पा घंटाभर तुजंच सांगत बसायचे. जळून जळून शेवटी लिहूनच घ्यायला लागले."