फलाटावरचा माणूस

"खाली बस. खुर्च्या साहेबलोकांच्या शेतस," सुकदेव म्हणाला, तशी ताईबाई सतरंजीवर भिंतीला टेकून बसली.

धुळ्याच्या संग्रहालयात मूर्ती बाजूला सारून पडदा लावला होता. पुण्याहून सिनेमा शिकणारी पोरं आपापले छोटे सिनेमे घेऊन आली होती. आदल्या दिवशी गावचा भिकन ते बघून आला आणि पारावर बोंबलला, "एका सिनेमात वना दिसला! जिता!"

वना म्हणजे ताईबाईचा पहिला नवरा, सुकदेवचा थोरला भाऊ. दुष्काळात खडी फोडायला गेला, तो परतलाच नाही. वाट पाहून पाहून घरच्यांनी पिठाचा पुतळा जाळला, तेरावं घातलं आणि धाकट्याशी तिचा पाट लावला. आता दोन लेकरं होती. वना जिता निघाला तर ही बायको कुणाची?

"भिकनचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला," सुकदेव सकाळपासून म्हणत होता. त्याला यायचंच नव्हतं. पण गावाचं तोंड कोण धरणार?

फरशी गार होती. ताईबाईनं पाय पोटाशी घेतले. "माझी चांदव्याची, मधोमध गोल ठिगळाची गोधडी असती तर! बाजारात चोरू दिली तुम्ही."

"झालं! अजून तेच धरून बैस."

अंधार झाला. पहिले दोन सिनेमे तिला कळलेच नाहीत. तिसऱ्यात चाळीसगावचा फलाट आला. बाकावर एक दाढीवाला ठिगळ उसवलेलं पांघरूण लपेटून बशीतला चहा फुंकत होता. त्यानं मान वर केली आणि थेट समोर पाहिलं.

सुकदेवनं पडद्यावरची नजर काढून तिच्याकडं पाहिलं. ताईबाईला रडू आलं नाही, राग आला नाही. काहीच आलं नाही.

दिवे लागले. मागून भिकन पुढं सरकला. "काय वं ताईबाई, वनाच शे ना?"

"नाही. हा दुसराच कोणी शे."

भिकनचं तोंड एवढंसं झालं.

"मी म्हणत नव्हतो?" सुकदेव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

एसटी स्टँडवर दोघंच उरली. कधी नव्हे तो सुकदेवनं तिला चहा पाजला. तिनं तो सावकाश फुंकून प्यायला, कप परत दिला आणि पदर सारखा केला.

"चांदवा उसवला शे गोधडीचा," ती म्हणाली. "पुढच्या बाजाराला जाल, तेव्हा त्यांच्याकडून मागून आणा. टाके घालून देते."