वरच्या कोर्टाचा निकाल

जावयाला जन्मठेप झाली, तेव्हा बोरीच्या कुशाबाईंनी कोर्टाच्या पायरीवर डोकं टेकलं. त्यांच्या एकुलत्या लेकीला, रत्नाला, त्यानं रॉकेल ओतून जाळलं होतं. घरी येऊन त्या रत्नाच्या फोटोला म्हणाल्या, "पोरी, आता त्यो बाहेर येत न्हाई."

तीनेक वर्षांनी नारायणगावच्या बाजारात तोच जावई भज्यांच्या गाडीपाशी उभा दिसला. कुशाबाईंनी हातातली पिशवी टाकली आणि धावत जाऊन त्याची कॉलर धरली.

"जेलातनं पळून आलाय ह्यो! पोलिसांना बोलवा कुणीतरी!"

माणसं जमली. जावई पळाला नाही.

गर्दी हटवत हवालदार आला. त्यानं जावयाला ओळखलं.

"मावशी, हायकोर्टानं मागल्या वर्षीच निर्दोष सोडलंय ह्याला. तुमाला कुणी सांगितलं न्हाई?"

"न्हाई वो," कुशाबाई म्हणाल्या. "मला कोण सांगणार?" पण कॉलरवरची मूठ सुटेना.

हवालदारानं त्यांचं एकेक बोट सोडवलं.



मग जावयाकडे वळून त्यानं विचारलं, "भाऊ, ह्या बाईंच्या विरोधात तक्रार द्यायचीय का तुमाला?"