उशिराचं आमेन

मिशनऱ्यांनी शाळा काढली तेव्हापासून सकाळची प्रार्थना एका सुरात संपे. यंदा मात्र सगळ्यांचं आमेन झालं, की क्षणभराने आणखी एक आमेन ऐकू येई. मुख्याध्यापकांनी खापर फोडलं ते दहावीतल्या सुताराच्या मुलीवर.

"एवढी लांब जीभ दुसऱ्या कुणाची? कबूल कर, नाहीतर दाखला हातात देईन."

"न केलेलं कबूल करणार नाही, सर."

त्यांनी सभागृह रिकामं केलं आणि तिला एकटीला पहिल्या बाकावर बसवलं. तिने आपणहून तोंडावर हात दाबून धरला. सरांनी प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि कान दिला.

दुसरं आमेन आलं. तिच्या अगदी शेजारून.

सर दाराशी पोचलेसुद्धा होते. "ऊठ पोरी, चल!"

"तुम्ही व्हा पुढे, सर," ती म्हणाली, आणि बाकावर थोडं सरकून तिने जागा करून दिली.