निळ्या झग्यावरचा पंजा

"पंजा आहे हो. पुरुषाचा," कपडेपट सांभाळणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या आणि त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं.

दिग्दर्शिकेने झगा खिडकीजवळ नेला. निळं रेशीम, आणि पाठीच्या मधोमध काळपट लाल ठसा. चार बोटं आणि अंगठा. कुणीतरी हिरॉइनला चांगलं घट्ट जवळ घेतलं होतं. तेही कॅमेऱ्यामागे, कारण मिठीचा सीन अजून व्हायचाच होता.

"काल संध्याकाळी शाल पांघरूनच आली. झगा बदलला, घडी करून माझ्या हातात दिला आणि गेली. आत्ता इस्त्रीला घेतला तर हे!"

"आणखी कुणी पाहिलं?"

"छे हो. मी बरी कुणाला दाखवेन."

हिरॉइन म्हणजे निर्मात्याची बायको. चित्रपट दीडशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रकाराचा आणि त्याच्यासमोर चित्रासाठी बसणाऱ्या गायिकेचा. गायिका दुसऱ्याची बायको, आणि सगळी गंमत त्यातच. पण पडद्यावरची भानगड पडद्यावरच शोभते. निर्मात्याला कुणकुण लागली असती तर त्याने त्याच दिवशी चित्रपटाला कुलूप ठोकलं असतं. दिग्दर्शिका म्हणून तिचा हा पहिला चित्रपट होता, दुसऱ्यांचे चित्रपट सांभाळता सांभाळता केस पांढरे झाल्यावर मिळालेला.

"हा हिरो!" ती दातओठ खात म्हणाली. "कानीकपाळी ओरडले होते, काम झालं की तिच्यापासून लांब राहा म्हणून."

हिरोवरचा संशय आजचा नव्हता. दोघं कोपऱ्यात कुजबुजत, खिदळत. शिवाय त्याचे हात सदा रंगाने माखलेले. तसं जुनं रेशीम पुन्हा मिळणार नव्हतं, झगा एकच होता. म्हणून तिनेच सक्त ताकीद दिली होती की हिरोच्या हाताला लावायचा रंग पाण्याने जाणाराच हवा. त्याला कुठे खरंच चित्र काढायचं होतं? ब्रश तो चमच्यासारखा धरायचा.

पडद्यावर जवळून दिसणारे हात दिग्दर्शिकेच्या नवऱ्याचे होते. तो खरा चित्रकार. दोन वर्षं एकही चित्र विकलं गेलं नव्हतं आणि घरात तोंड पाडून बसला होता, तेव्हा तिनेच त्याला हाताला धरून सेटवर आणलं. हातांचे शॉट असले की हिरो गाडीत जाऊन झोपायचा, हिरॉइन समोर बसायची, आणि नवरा खऱ्या तेलरंगात तिचं चित्र पुढे न्यायचा, मग टर्पेंटाइनने हात पुसायचा. हल्ली तो दाढी करताना शीळ घालत असे. हाताला काम मिळालं की माणूस माणसात येतो, असं ती ज्याला त्याला सांगत असे.

दार वाजलं, आणि उत्तराची वाट न बघता निर्माता आत आला. झगा लपवायलाही वेळ मिळाला नाही.

"हे काय?"

मावशींनी पदराने तोंड पुसलं. दिग्दर्शिकेची जीभ तिच्या आधी धावली.

"मिठीचा सीन, सर. चित्रकार काम सोडून उठतो आणि हात न पुसताच तिला जवळ घेतो. ठसा कसा उठतो ते करून पाहिलं."

"कुणाच्या अंगावर?"

"शिंप्याच्या पुतळ्यावर."

"लिहिलेलं तर नव्हतं असं."

"काल सुचलं."

निर्माता झग्याजवळ गेला. त्याने आपला पंजा त्या ठशावर ठेवून पाहिला. लहान पडला. तिला त्या माणसाची मनापासून दया आली. पण दया आली म्हणून खरं थोडंच सांगता येतं?

"चांगला आहे सीन," तो शेवटी म्हणाला. "आजच घ्या. मी समोर बसतो."

तो गेल्यावर ती मावशींकडे वळली.

"मावशी, आधी हे धुवा. मिठीच्या आधी पाठ कोरी दिसायला हवी. पाण्यात घातलात की जाईल, मग इस्त्रीने वाळवा."

बाहेर पडून तिने हिरोला जिन्याखाली गाठलं आणि दबक्या आवाजात चांगलंच फैलावर घेतलं. तो बघतच राहिला.

"शप्पथ, ताई, मी काहीच केलेलं नाही."

"पकडल्यावर सगळे हेच म्हणतात. आज मिठीत ठसा उमटवायचा, आणि कट म्हटलं की हात खाली. समजलं?"

त्याने मुकाट्याने मान हलवली.

सेटवर दिवे लागले. निर्माता खुर्ची पुढे ओढून, हाताची घडी घालून बसला होता. हिरॉइन साध्या कपड्यांत, केस बांधून झग्याची वाट बघत होती. तिचा चेहरा उतरला होता. ते बघून दिग्दर्शिकेला बरंच वाटलं. थोडी भीती हवीच.

दारात नवरा भेटला.

"आज माझे हात लागणार का?"

"नाही रे. आज हिरोचेच."

"बरं," तो म्हणाला आणि शीळ घालत निघून गेला. सगळ्या सेटला आग लागलेली, आणि आपलं घरचं माणूस तेवढं सरळ. त्या गडबडीतही तिला हायसं वाटलं.

ती घाईघाईने कपडेपटाच्या खोलीत आली. मावशी बादलीपाशी बसल्या होत्या. बादलीतलं पाणी निवळशंख होतं.

"झालं का? सगळे खोळंबलेत."

मावशींनी झगा वर काढला. पाठीवरचा पंजा जसाच्या तसा होता.

"तीन पाणी बदललं, बाई. साबणही लावून झाला."

"असं कसं? हिरोचा रंग तर नुसत्या पाण्याने जातो."

मावशींनी मान वर केली नाही. झग्याचं पाणी निथळू देत त्या म्हणाल्या, "चित्रकारसाहेबांकडून टर्पेंटाइन मी मागून आणू, की तुम्हीच आणता?"