नाव कोरलेला डबा

लिंबायतच्या त्या गल्लीत शेवंताबाईसारखी चव कुणाच्याच हाताला नव्हती. वरण-बट्टी केली की ती घरोघरी वाटायची, तेही वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या डब्यांतून. घासून परत द्यायची कटकट नको कुणाला! तरी तिच्या दारी कुणी फिरकत नसे. समोरच्या मंगलाबाईची भाजी मात्र कायम खारट, आणि तिच्याच ओट्यावर रोज दुपारी बायकांचा मेळा. शेवंताबाईचा नुसता जळफळाट व्हायचा. काय एवढं सोनं लागलंय त्या ओट्याला?

आज ती कचरागाडीत पिशवी टाकायला गेली, तर ढिगावर तिचाच कालचा डबा. आत दीड बट्टी तशीच.

तेवढ्यात मागून शेजारणीचा आवाज आला, "मंगलामावशी, तुना डबा लई उनू व! रिकामा कसा देवाना, म्हनीसन शेव टाकी." शेजारणीच्या हातात मंगलाबाईचा स्टीलचा डबा होता, घासून लख्ख करून, शेव भरून परत आणलेला.

"ये माय, बठ. च्या ठेवस," मंगलाबाई ओट्यावरून म्हणाली.

शेवंताबाई घरात गेली.

 

दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरचे, लग्नात आलेले, नाव कोरलेले स्टीलचे डबे काढले, पहिला भरून मुद्दाम मंगलाबाईकडेच धाडला, दार सताड उघडलं आणि कुणी यायच्या आधीच चहाचं आधण ठेवलं.