सपाट वाट

यादवराव मिलग्रोव्ह गावाजवळच्या बाकावर बसले आणि त्यांनी बुटाची नाडी सैल केली. बूट काढायची हिंमत मात्र होईना. आत काय झालं असेल ते त्यांना कळत होतं.

"बघू पाय," गिरिजा म्हणाली.

"काही नाही गं. जरा दम खातो."

दम खायला लागावा असं त्या वाटेत काहीच नव्हतं. जुनी रेल्वे बंद झाल्यावर रूळ उखडून तिथे बारीक खडी दाबून बसवली होती. एका अंगाला गायींची कुरणं, दुसऱ्या अंगाला उंच निलगिरी, आणि चढ म्हणाल तर लक्षातही येऊ नये इतकाच. सकाळी वूरी यालॉकहून निघताना यादवराव हसले होते. अर्धा सह्याद्री पायाखाली घातलेला माणूस, त्याला ही वाट म्हणजे जेवणानंतरची शतपावली. तरी त्यांनी मुद्दाम पुण्याहून आणलेले, किल्ल्यांवरचे जाड बूट घातले. तिथेच फसले. गडावर चढ संपतो, उतार लागतो, मध्येच कातळ येतो, पाय सारखा वेगळा पडतो. इथे सकाळपासून एकच पाऊल पडत होतं आणि टाच एकाच जागी घासत होती.

गिरिजा उभ्या जन्मात एकही किल्ला चढली नव्हती. ती पहाटे उठून यादवरावांच्या अख्ख्या ट्रेकिंग ग्रुपचे डबे भरायची. इकडे ऑस्ट्रेलियात, टार्निटला मुलाकडे आल्यापासून मात्र नातू प्रॅममध्ये फिरवल्याशिवाय झोपायचा नाही, म्हणून ती रोज नव्या घरांच्या रांगांमधून लांबवर चालत जायची. यादवराव त्या वेळात सोफ्यावर बसून किल्ल्यांचे व्हिडिओ बघत.

शेवटी त्यांनी अपूर्वला फोन लावला. तो गाडी घेऊन पुढे वॉरबर्टनला, वाट संपते तिथे, थांबला होता.

"नो वरीज, बाबा. लगेच येतो. दोघांना पिकअप करतो."

"मी नाही येणार गाडीत," गिरिजा म्हणाली.

यादवरावांनी फोन खाली ठेवला. "एकटी कुठे जाशील?"

"वॉरबर्टनला. सरळ तर वाट आहे."

"उद्या पाय दुखतील."

"दुखू देत." ती त्यांच्या शेजारी बसली, पण टेकून नाही. "लग्न झाल्यापासून तुम्ही कुठून कुठे चालत गेलात ते ऐकतेय. मलाही एकदा कुठेतरी चालत पोचायचंय. तुम्ही नाही म्हणू नका."

यादवराव 'मग मीही येतो' म्हणत उठले, दोन पावलं टाकली आणि मुकाट्याने परत बसले. नाही म्हणायचा त्यांना तसाही अधिकार उरला नव्हता. त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली तिला दिली, डोक्यावरची टोपीही काढून दिली. तिने पाठीवरची सॅक उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"डबा आडवा करू नका. चटणीचं तेल सांडेल."

ती निघाली. मागे वळून तिने पाहिलं नाही, ते यादवरावांना जरा लागलं.

गाडीत बसल्यावर डाव्या बाजूच्या झाडांमधून ती त्यांना एकदा दिसली. प्रॅम ढकलताना असते तीच चाल, ना घाई ना रेंगाळणं. अपूर्वने हॉर्न वाजवायला हात उचलला, तो यादवरावांनी धरला.

"चालू दे तिला तिच्या लयीत."

वॉरबर्टनला नदीकाठच्या लाकडी टेबलाशी बसून त्यांनी अखेर बूट काढले. मोजे टाचांना चिकटले होते. नातू गाडीत झोपला होता. अपूर्वने सॅकमधून डबा काढला आणि धपाट्यांचा वास घेत झाकणाला हात घातला.

"राहू दे," यादवराव म्हणाले.

"बाबा, आईला अजून पाऊण तास तरी लागेल. आय ॲम स्टार्व्हिंग."

"लागू दे."

लीडर आल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा त्यांच्या ग्रुपचा नियम. लीडर सगळ्यात हळू चालणाऱ्याला सोबत घेऊन मागून येणार आणि बाकीचे वर पोचून, भुकेने कळवळत, त्याची वाट बघणार. इतक्या वर्षांत यादवरावांना वाट बघायची वेळ कधी आली नव्हती. लीडर कायम तेच.

कुत्रा फिरवत आलेली एक म्हातारी गोरी बाई त्यांच्या टाचा बघून थांबली. किती लांबून चालत आलात, तिने विचारलं. दुसरा कुठलाही दिवस असता तर यादवरावांनी तिला बसवून घेऊन सह्याद्री चढायला लावला असता.

"नॉट मी," ते म्हणाले. "माय वाइफ. शी इज वॉकिंग. फ्रॉम वूरी यालॉक."

"गुड ऑन हर," बाई म्हणाली.

"येस," यादवराव म्हणाले. अवघड कडा चढून माथ्यावर उभं राहिल्यावर छाती भरून येते तशी त्यांची छाती भरून आली. आणि आज तर ते गाडीने आले होते.

गिरिजा वळणावर दिसली तेव्हा ऊन नदीच्या पलीकडे सरकलं होतं. टोपी मागे ढकललेली, चेहरा लालबुंद. अपूर्व फोन घेऊन व्हिडिओ काढायला धावला, त्याला तिने हातानेच बाजूला केलं आणि वाट संपल्याची पाटी होती तिथपर्यंत चालत गेली. पाटीला हात लावला. मग आली.

यादवराव अनवाणीच उभे राहिले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो उभ्यानेच संपवला आणि टेबलावरच्या बंद डब्याकडे पाहिलं.

"अहो, जेवला नाहीत अजून? डबा तर तुमच्याजवळच होता."

"लीडर यायची होती," यादवराव म्हणाले.