मोठी बाटली

"अहो मावशी, सारखी काय ती शाम्पूची पुडी आणता? एकदाच मोठी बाटली घ्या, कितीतरी स्वस्त पडते!" मावशींच्या पिशवीत पुडी दिसली की ताईंचं हे ठरलेलं. भांडी घासता घासता मावशी नुसत्या मान डोलवायच्या. स्वस्त पडते हे काय त्यांना कळत नव्हतं? पण एकरकमी तेवढे पैसे हातात टिकले तर ना!

या खेपेला मात्र पगार होताच त्यांनी मन घट्ट केलं आणि मोठी बाटली घेतलीच, तीही ताई वापरतात तीच. काम आटोपून निघताना त्यांनी ती हौसेने पिशवीतून काढून दाखवली. "बघा ताई, ऐकलं की नाही तुमचं?"

"अरे वा!" ताई म्हणाल्या. "एक मिनिट थांबा हं." त्या आत गेल्या. बाथरूममधलं कपाट उघडल्याचा आवाज आला, मग लावल्याचा. रिकाम्या हातानेच बाहेर येऊन त्या हसल्या. "हां, या आता."

 

ती बाटली संपली तशा मावशी पुन्हा पुडीवर आल्या, आणि ताई फोनवर मैत्रिणीला म्हणाल्या, "कितीही समजावून सांग, या लोकांच्या डोक्यात काही शिरतच नाही बघ."